दीड फेरा

मामा,

काल तुमचं तेरावं झालं. तंजावरची मंडळी पहाटेच्या बसने गेली, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि आज सकाळी घर इतकं गप्प झालं की आत्याबाईंनी उगाच मिक्सर लावला. रिकामाच. मी धावत गेले तर त्या बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. मी बंद केला.

गेले दोन आठवडे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात तुम्हाला कधी उशीर झाला नाही, कुणाशी भांडण नाही, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा शेवटची पाळी पूर्ण करून आलात. खरं असेल ते सगळं. मला त्यातलं काहीच सांगायचं नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती ऐकायला तुम्हीच हवे होतात.

तुम्ही शनिवारी गेलात. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मी तुमच्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवून ठेवला. चुकून नाही, मुद्दाम. गाडी सुरू होऊ नये म्हणून. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या मुलालाही नाही.

सहा वर्षांपूर्वी मी इचलकरंजीहून या विल्लीवाक्कमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा दारात तुम्ही मला विचारलंत, "मेधाबाई, प्रवास सुखरूप जाहला कां?" मला हसू आवरेना. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्यांची मराठी, शब्द पोथीतले आणि चाल अस्सल तमिळ. माझ्या बाबांचं लेथचं वर्कशॉप, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, आणि ज्याच्याशी लग्न झालं त्या सीनूला टायर आणि ट्यूब यांतला फरक विचारला तर तो कॉम्प्युटर उघडायचा. तो सकाळी सिरुसेरीला ऑफिसला जायचा तो रात्रीच उगवायचा. आला तरी फोनवर तमिळ, माझ्याशी अर्धं इंग्रजी. मराठी बोलायला घरात तुम्ही आणि आत्याबाई, सासू-सासरे दोघंच, आणि तुमची मराठी मला निम्मी कळायची. पहिले दोन महिने मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. तुम्हाला ते कसं कळलं मला माहीत नाही. एका रविवारी सकाळी तुम्ही न्हाणीघराच्या दारावर टकटक केलीत आणि म्हणालात, "पोदुम, मा. पुरे जाहलं. पाणी बंद कर नि बाहेर ये. स्क्रूडायव्हर धरायला कुणी नाही मला."

घराच्या बाजूच्या बोळात तुमची साडेतीनशे सीसीची जुनी गाडी उभी होती. तुम्ही तिला गाडी कधी म्हणाला नाहीत, 'वंडी' म्हणायचात. प्लग काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात आणि विचारलंत, "रंग कसा आहे सांग." मी म्हणाले, काळपट, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी संस्कृतात श्लोक म्हटला. मग म्हणालात, रंग कॉफीसारखा हवा. मी म्हटलं, चहासारखा. त्यावरून जो वाद सुरू झाला तो सहा वर्षं चालला. तुमची कॉफी इतकी काळी असायची की त्या रंगाचा प्लग आमच्या इचलकरंजीत कुणीही फेकून दिला असता.

त्या दिवसापासून रविवार आपला झाला. रडणं थांबलं असं म्हणणार नाही, पण रविवारी नाही रडले.

खरा वाद कॉफीचा नव्हताच, त्या पितळी स्क्रूचा होता. करंगळीच्या पेराएवढा स्क्रू, पण गाडीचा सगळा स्वभाव त्याच्या हातात. आत फिरवला की पेट्रोलचा भाग वाढतो, बाहेर फिरवला की हवेचा. हवा फार झाली तर थंड इंजिन पेटता पेटत नाही. पुस्तकातली रीत अशी की तो पूर्ण आत बसवायचा आणि बाहेर काढत फेरे मोजायचे. तुम्ही एकदाही मोजले नाहीत. तुम्ही गाडी अंबत्तूरपर्यंत तापवून आणायचात, स्टँडवर लावायचात, शेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर कॉफीने काठोकाठ भरलेला टंबलर ठेवायचात आणि डोळे मिटून स्क्रूला हात घालायचात. इंजिनाच्या धडधडीने कॉफीवर बारीक लाटा उठायच्या. मी लाटांकडे बघायची, तुम्ही आवाज ऐकायचात. लाटा वेड्यावाकड्या असल्या की मी "अजून" म्हणायची. त्या एकसारख्या, जेमतेम दिसतील न दिसतील अशा झाल्या की माझ्या आधी तुमचा हात थांबायचा. मग डोळे उघडून तीच कॉफी प्यायचात.

तुम्ही कॉफी पीत असताना मी स्क्रू आत बसवून फेरे मोजायची आणि परत तिथेच आणून ठेवायची. दरवेळी दीड. कधी जरा कमी, कधी जरा जास्त, पण दीडच. तो आकडा मी पेन्सिलने बोळातल्या भिंतीवर लिहायची. तारीख, फेरे, आणि पुढे माझी सही, नुसतं 'मे'. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, तिथं आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: जे लिहिलं नाही ते झालंच नाही, आणि सही नाही ते लिहिलंच नाही. तुम्हाला ते भारी गमतीचं वाटायचं. "भिंतीचं काय म्हणून पंचांग करतेस?" तुम्ही विचारायचात. "वंडी ऐकायची असते, मा. वाचायची नसते."

एकदा धुराच्या तपासणीसाठी आपण पाडीच्या बंकवर, म्हणजे पेट्रोलपंपावर, गेलो होतो. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, "ओव्हर, सार." मी खाली बसून स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. आकडा उतरला, कागद मिळाला. तुम्ही तोंड पाडून गाडी चालवत होता. पाडीच्या सिग्नलला गाडीने दोन आचके दिले. तुम्ही तिथेच, लाल दिव्यात, मागे सिटी बस भोंगा वाजवत असताना वाकलात आणि माझ्या हातातला पिवळ्या मुठीचा स्क्रूडायव्हर ओढून घेऊन स्क्रू परत आत फिरवलात. शेजारचा रिक्षावाला काय काय बोलत होता! तुम्ही शांतपणे म्हणालात, "कागद त्यांना, वंडी आपल्याला." घरी येऊन मी मोजले. दीड. रस्त्यात, त्या गोंगाटात, नुसत्या कानाने. त्या दिवशी मी मनातल्या मनात हरले होते, मामा. पण तोंडाने कबूल केलं नाही. उलट म्हणाले, "आकडा म्हातारा होत नाही, कान होतो." तुम्ही हसला नाहीत. नंतर माझ्या लक्षात आलं की तेव्हा तुम्हाला दारावरची बेल ऐकू यायची बंद झाली होती आणि ते तुम्ही सगळ्यांपासून लपवत होता. त्या वाक्याची माफी मागायची राहिली.

आणखीही राहिलं आहे बरंच. मला नोकरी लागली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, सकाळी साडेसहाची बस, मग घरातलं कोण करणार? तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "भात मी लावतो." दुसऱ्या दिवसापासून खरंच लावलात. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्यावर भात दोनदा करपला, तेव्हा तुम्ही कुकरजवळ स्टूल टाकून बसायला लागलात. मी कधी आभार मानले नाहीत. घरात कोण कुणाचे आभार मानतं, असं वाटायचं.

आडी महिन्यात, आपल्या आषाढात, तुमच्या छातीत दुखलं. चार दिवस हॉस्पिटल, स्प्रिंग बसवली, आणि डॉक्टरांनी सीनूसमोर बजावलं: जड उचलायचं नाही, आणि ती मोटारसायकल किक मारून सुरू करायची तर अजिबात नाही. घरी आल्यावर तुम्ही पंधरा दिवस गरीब गाईसारखे राहिलात. सोळाव्या दिवशी बोळातून किकचा आवाज आला. सीनूने चावी ऑफिसच्या बॅगेत टाकून सिरुसेरीला नेली, तुम्ही झाडाखालच्या चावीवाल्याकडून दुसरी करून आणलीत. अशी ओढाताण चार महिने चालली. मग सीनूने बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरचं चित्र आणून तुमच्यापुढे ठेवलं. "बटण दाबून सुरू होतो तो मिक्सर," तुम्ही म्हणालात. "तो तुझ्या आईला एक आहे."

सीनू त्या दिवशी ओरडला. "अप्पा, तुम्हाला काही झालं तर? अम्माचं काय?" तुम्ही उठून आत गेलात. तीन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोघांच्या मध्ये पानं वाढत होते. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, आणि तुम्ही ती तुमचीच धरलीत. आत्याबाईंना म्हणालात, "या घरांत एकटी मेधाबाई माझी आहे." मी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. तेव्हा बाहेर येऊन सांगायला हवं होतं की मामा, मी तुमची आहे म्हणूनच सीनूच्या बाजूची आहे. ते सांगण्याऐवजी मी गुरुवारी संध्याकाळी पिवळ्या मुठीचा स्क्रूडायव्हर घेतला.

तुम्ही आणि आत्याबाई देवळात गेला होता. मार्गळी, आपला मार्गशीर्ष, लागली होती, सकाळी अंगावर शाल लागायची. मी हिशोब केला होता. तुम्ही सकाळी गाडी सुरू करायला जाल, इंजिन थंड, त्यात हवा भरमसाट. चार-पाच किका माराल, पेटणार नाही, वैतागाल आणि तुमच्या कारखान्यातल्या सेल्वमना बोलवाल. सेल्वमना मी आधीच गाठून सांगणार होते की गाडी शेडमध्ये नेऊन ठेवा, पार्ट मिळत नाही म्हणा, दोन-चार महिने काढा. कुणी कुणावर ओरडायचं नाही, कुणी हरायचं नाही. मी स्क्रू पूर्ण आत बसवला आणि बाहेर काढायला लागले. दीड. दोन. अडीच. पावणेतीनला थांबले. पेन्सिल पर्समध्ये होती. भिंतीवर लिहिलं नाही.

एवढ्या सगळ्या हिशोबात एक गोष्ट मी धरलीच नाही, ती म्हणजे तुम्ही. चार-पाच किकांनी नाद सोडणारा माणूस असता तर तुम्ही मला न्हाणीघरातून बाहेर काढलं असतं का?

शुक्रवारी पहाटे मी बसने गेले. दिवसभर कारखान्यात माझं लक्ष नव्हतं, एक चांगला तुकडा मी नापास केला. संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही वेताच्या खुर्चीत पेपरातलं कोडं घेऊन बसला होता. चेहरा नेहमीसारखाच. मला म्हणालात, "जेव आधी. रसम आज मी केलों." मी हातपाय धुऊन येताना तुम्ही हात पुढे केलात. "तुझी ती पेन्सिल जरा दे. माझी बोथट झाली." मी दिली. गाडीबद्दल तुम्ही बोलला नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही. मला वाटलं, थंडीमुळे गाडी बाहेर काढलीच नसेल. रसम छान झालं होतं. तेही सांगितलं नाही.

शनिवारी माझा अर्धा दिवस. तीन वाजता कोपऱ्यावर उतरले तर आपल्या दारात सात-आठ जोड चपला होत्या. एवढ्या चपला बघून मी फाटकातच थांबले. सीनू जमिनीवर बसला होता, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. जेवून खुर्चीत टेकला होता म्हणे तुम्ही, पेपर मांडीवर, आणि आत्याबाईंनी सुपारी पुढे केली ती तुम्ही घेतली नाहीत. डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. का बंद पडलं ते त्यात लिहीत नाहीत.

त्यानंतर मी बोळात पाऊल टाकलं नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, कचरा पुढच्या दाराने नेला. सीनू रडला, मी त्याला धरलं, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मला वाटत होतं, याला माहीत नाही याला कोण धरून बसलंय. लोक मला म्हणायचे, सुनेचा फार जीव होता हो. मी मान डोलवायची.

आठव्या दिवशी दुपारी आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "शुक्रवारीं सकाळीं पुष्कळ वेळ किक मारत होते, मेधा. मी पूजेंत होत्यें. उठून नको म्हणून सांगू कां असं आलं मनांत. देवापुढून कसं उठायचं म्हणून बसल्यें." आणि मग, अगदी हळू, "उठायला पाहिजे होतं."

माझं तोंड उघडलं होतं, मामा. शब्द आले होते. तेवढ्यात तांबरमहून कुणी आलं, रडारड झाली आणि ते बोलणं तिथंच राहिलं. पुढचे पाच दिवस मी रोज बघत होते. त्या देवापुढे बसायच्या आणि पोथी न उघडता उठायच्या. माझा स्क्रू मी त्यांच्या पदरात बांधला होता आणि गप्प बसले होते.

आज सकाळी सीनू म्हणाला, "सेल्वम अंकल रविवारी गाडी न्यायला येणार आहेत. अप्पांची आठवण म्हणून त्यांना हवी आहे. तू एकदा सुरू करून बघशील? तुलाच येतं ते." मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

सीनू ऑफिसला गेल्यावर मी बोळात गेले. गाडीवरचं कापड काढलं. सीटवर धूळ नव्हती, कापड कुणी नीट टोकं खोचून घातलं होतं, तुम्हीच. मी खाली बसले आणि स्क्रूला हात घातला. किती वेळ नुसता धरून होते कोण जाणे. पावणेतीन फेरे आत फिरवायचे, मग दीड बाहेर, आणि झालं. कुणाला कधी कळणार नाही. मी फिरवायला लागले. अर्धा. एक. दीड. आणि स्क्रू बसला. पुढे फिरेना.

मी बाहेर काढून परत मोजले. दीड.

तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. सहा वर्षांचे माझे आकडे, ओळीने, प्रत्येकापुढे 'मे'. त्यांच्या खाली दोन ओळी होत्या, माझ्या अक्षरात नव्हे. मोठे, जरा थरथरते आकडे, भिंतीवर लिहायची सवय नसलेल्या हाताचे. वरच्या ओळीत गुरुवारची तारीख आणि फेरे पावणेतीन. खालच्या ओळीत शुक्रवारची तारीख, फेरे दीड, आणि पुढे तुमची ती हजेरीपटावरची लांबलचक सही. वरच्या ओळीपुढे सहीची जागा मोकळी. माझी पेन्सिल कट्ट्यावर ठेवलेली होती, टोक काढून.

तुम्ही मोजले होते, मामा. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या रीतीने, एकटे बसून, वाकून. कान पुरला असता तुम्हाला, पण तुम्ही माझा आकडा शोधून काढलात, लिहिलात, मग तुमचा लिहिलात. गाडी तुम्ही गुरुवारी सकाळी चालवली होतीत, त्यामुळे तारीखही बरोब्बर धरलीत. आणि शुक्रवारी संध्याकाळी, हे सगळं कळल्यावर, तुम्ही मला म्हणालात, जेव आधी. सीनूला सांगितलं नाहीत, आत्याबाईंना नाही. माझ्याकडून पेन्सिल मागून घेतलीत तेव्हा माझ्या डोळ्यांत बघितलं होतंत का? मी बघत नव्हते, म्हणून मला माहीत नाही. रविवारी आपण बोळात बसलो असतो, तुम्ही मला भिंत दाखवली असतीत, काहीतरी बोलला असतात. तो रविवार आलाच नाही.

भिंतीवर दोन आकडे आहेत. तिसरा नाही. किती किका मारल्यात ते तुम्ही लिहिलं नाहीत. मोजल्या नसतील म्हणून, की मोजल्या होत्या म्हणून?

मी पेन्सिल उचलली आणि मोकळ्या जागेत सही केली. 'मे' नाही, पूर्ण नाव लिहिलं. तशीच उभी होते तर मागे आत्याबाई. म्हणाल्या, "काय लिहितेस?"

मी सांगितलं. गुरुवारपासून सगळं, उभ्या उभ्या. शेवटी म्हणाले, "तुम्ही देवापुढून उठायला हवं होतं असं नाही, आत्याबाई. मी तो स्क्रू फिरवायला नको होता." त्या कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं आता त्या मला हाकलून देतील, किंवा सीनूला फोन लावतील. मग त्यांची नजर त्या दोन ओळींवर गेली. त्यांना ते अक्षर ओळखू आलं. बोटाने तुमच्या सहीला हात लावला आणि पुसली जाईल म्हणून लगेच मागे घेतला.

"सीनूला तूच सांग," त्या म्हणाल्या. "आजच सांग. मी सांगणार नाही."

मी हो म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, "आतां कळलं मला. शुक्रवारीं वंडी सुरू जाहली, आणि थोड्या वेळानं ते आंत आले ते हसतच आले. काय म्हणून विचारलें तर, 'माझ्यावरताण मेकॅनिक आली या घरांत' म्हणून सांगितले. मला काय कळणार? पण किती हसले ग. दाराला टेकून, असे," आणि त्यांनी आपला उजवा तळवा छातीवर डावीकडे ठेवला, "असा हात ठेवून हसले."

मामा, तुम्ही हसताना छातीवर हात ठेवायचात का? सहा वर्षं दर रविवारी मी तुमच्यासमोर बसले. प्लगचा रंग, कॉफीच्या लाटा, स्क्रूचे फेरे, सगळं पाहिलं आणि लिहून ठेवलं. एवढंच आठवत नाही. मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी हात तसाच छातीवर ठेवून बराच विचार केला आणि म्हणाल्या, त्यांनाही ठाऊक नाही.